बर्णबाचे दान

पारितोषिक-समारंभास येणारे पाहुणे दरवर्षी निराळे असले तरी त्यांचा उपदेश बहुधा एकच असतो. प्रभू येशूने सांगितलेला तो प्रसिद्ध दाखला ते विद्यार्थ्यांपुढे ठेवितात. परदेशी जाणाऱ्या धन्याने तीन चाकरांस कमीअधिक धन सोपविले. दोघांनी ते व्यापारात घालून दुप्पट केले. तिसऱ्याने भयाने जमिनीत पुरून ठेविले व तो दोषी ठरला. तेव्हा, मुलांनो, देवाने दिलेले गुण पुरून ठेवू नका, ते परसेवेस लावा, असे सांगून पाहुणे खाली बसतात आणि टाळ्या होतात. उपदेश खराच आहे. त्यात खोट काढण्याचा अधिकार मजसारख्या सामान्य शिक्षकास नाही.

परंतु त्या वेळी मी व्यासपीठाच्या कडेला उभा राहून मुलांच्या तोंडांकडे पाहत असतो. पुढल्या दोन रांगांत ज्यांना बक्षिसे मिळाली ती मुले बसलेली असतात; त्यांची तोंडे उजळतात. मागे जी चारपाचशे मुले असतात, त्यांच्या मनात काय येत असेल? ज्याचा गणितात नंबर नाही, ज्याला गळा नाही, ज्याच्या हातून चित्र साधत नाही व जो धावण्याच्या शर्यतीत चौथा येतो, त्याने ह्या उपदेशाचे काय करावे? आपल्याला पुरण्याइतकेही धन मिळालेले नाही, अशी त्याची समजूत होते. कित्येक पालकांचीही तीच होते. "सर, आमच्या मुलात काही गुण दिसतो का हो?" असे जळगावच्या बाजारात मला थांबवून विचारणारे वडील भेटतात, तेव्हा त्यांच्या आवाजात आशेपेक्षा काळजीच अधिक असते.

मला असे वाटते, की ह्या उपदेशाचा अर्धाच भाग आपण सांगत आलो आहोत. आपल्यापाशी असलेले दान सेवेस लावणे हा पूर्वार्ध. दुसऱ्यापाशी असलेले दान ओळखणे, त्याला जागा देणे, त्याची निगा राखणे हा उत्तरार्ध. आणि तो मागल्या रांगेतल्या मुलासही साधण्यासारखा आहे. शास्त्रात ह्याचे उत्तम उदाहरण बर्णबा होय. शौल नावाचा तरुण, ज्याला यरुशलेमेतले विश्वासणारे भीत होते, त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेले ते बर्णबाने. पुढे अंत्युखियात काम वाढले, तेव्हा ते एकट्याने मिरविण्याचे सोडून तो तार्ससला गेला, शौलाला हुडकून काढले व आपल्या जोडीला घेऊन आला. शौलाचा पौल झाला व त्याची पत्रे आजतागायत जगभर वाचली जातात. नव्या करारात बर्णबाचे नाव धारण करणारे एकही पत्र नाही.

ह्या गोष्टीसाठी अंत्युखियापर्यंत जाण्याचेही कारण नाही. ती आपल्या जळगावात घडलेली आहे, आणि ती घडली त्या गावात शिकणाऱ्या मुलांस ती बहुधा ठाऊक नसते, ह्याचा मला खेद वाटतो.

1907 साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ लष्करी वैद्यकीय सेवेतले कर्नल, शिवाय वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार. औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ अद्याप अभ्यासिला जातो. त्या संमेलनात धरणगावी जन्मलेला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आपली कविता म्हणावयास उभा राहिला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्याची कविता ऐकून डॉक्टरसाहेबांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली, आणि आज 'फुलराणी' व 'श्रावणमास' ह्यांचा कवी म्हणून शाळकरी मुलेही त्यास त्याच नावाने ओळखतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या व झाडपाल्याची पारख असणाऱ्या माणसाने एका पोराच्या अंगचे काव्य त्याच दिवशी ओळखावे, हीही एक पारखच!

पण पदवी देणे एका दिवसाचे काम असते. पदवी मिळालेल्या मुलास दुसऱ्या दिवशी जेवावे लागते, कोठे तरी राहावे लागते, आणि त्याचे मन हळवे असले तर त्याला सांभाळणारे कोणी तरी लागते. हे काम रेव्हरंड नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी पत्करिले. टिळक त्या काळी अहमदनगरास असत. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी सोयरेधायरे तुटले. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहून पुढे स्वतः विचारांती ख्रिस्ती झाल्या, हा सर्व इतिहास त्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात सांगितलाच आहे. ज्या घरात पैसा टिकत नसे आणि पाहुणा मात्र नेहमी असे, अशा घरात खानदेशचा हा मुलगा मुलासारखा राहिला.

टिळक स्वतः थोर कवी होते. फुलांमुलांचा कवी म्हणून त्यांची ख्याती होती. आणि आपली कविता प्रभूच्या सेवेत खर्चिताना त्यांनी भजन, अभंग, कीर्तन ह्या आपल्या मातीतल्या रूपांचा आश्रय केला, म्हणूनच खेड्यापाड्यांतल्या आमच्या मंडळ्या ती गाणी टाळांवर म्हणू शकतात. असा मनुष्य दुसऱ्या कवीस घरी आणतो तेव्हा त्याला एक मोह होणे स्वाभाविक आहे. तो मोह म्हणजे आपल्यासारखा दुसरा टिळक घडविण्याचा. शिक्षकांस हा रोग फार लवकर जडतो, हे मी अनुभवाने सांगतो. टिळकांच्या घरी राहूनही बालकवींची कविता टिळकांसारखी झाली नाही. ती निर्झरांची, पाखरांची, संध्याकाळच्या उदास रंगांचीच राहिली.

आणि आणखी एक गोष्ट, जी आमच्या ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांच्या घरच्या भाकरीवर अशी अट नव्हती. आपल्या धर्मावर ज्यांची निष्ठा इतकी, की तिच्याकरिता त्यांनी सारे गोत सोडिले, त्यांनी पाहुण्याच्या ताटाची किंमत म्हणून त्याची श्रद्धा मागितली नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दान मिळालेल्या माणसास मालक न म्हणता कारभारी म्हटले आहे. त्या न्यायाने पाहता ठोंबऱ्यांची कविता ठोंबऱ्यांच्या मालकीची नव्हती, मग टिळकांच्या कोठून असणार? जी देवाची, तिच्यावर आपला शिक्का मारण्याचे त्यांस कारणच नव्हते.

ह्या कवीस आयुष्य थोडे मिळाले. 5 मे 1918 रोजी जळगाव-भुसावळ मार्गावरील भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. पुढल्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, टिळक वारले. भादली स्थानकावरून आमची कित्येक मुले रोज शाळेला येतात. एक दिवस गाडी तेथे थांबली असता मी डब्यातल्या मुलांना ही हकीकत सांगू लागलो, तर माझे सांगणे संपण्यापूर्वीच गाडी सुटली व मुले पुनः आपापल्या मोबाईलमध्ये डोके घालून बसली. दोष मुलांचा म्हणवत नाही. मला गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही, हेही खरे.

टिळकांच्या मागे त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. त्याचे चौसष्ट अध्याय त्यांचे आहेत. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिने हे काम केले. पतीच्या दानाची राखण करिता करिता तिचे स्वतःचे दान वाढीस लागले, व 'स्मृतिचित्रे' तर टिळकांच्या काव्याइतकेच, किंबहुना माझ्या मते त्याहूनही अधिक, टिकणार आहे. हे मत सर्वांना मान्य होईल असे नाही.

आता त्याच 1907 सालच्या जळगावात दुसरीकडे वळू. कवी मंडळी जमली होती, पदव्या दिल्या जात होत्या. आणि त्याच गावात चौधऱ्यांच्या घरी आसोद्याहून सून होऊन आलेली एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई जात्यावर बसत होती. तिला लिहितावाचता येत नव्हते. त्या संमेलनाचे निमंत्रण तिला कोण देणार? त्याच वर्षी तिला मुलगा झाला. त्याचे नाव सोपानदेव. बहिणाबाईंना तिशीच्या सुमारास वैधव्य आले. शेतात, घरात, जात्यावर त्या गाणी रचीत आणि म्हणत; त्यांना कागद ठाऊक नव्हता. ती गाणी ज्यांनी ऐकून उतरून ठेविली त्यांत हा सोपानदेव होता, जो पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपास आला. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्र्यांनी ती पाहताच हे सोने महाराष्ट्रापुढे आणण्याचा निश्चय केला, आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह ती कविता प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्याच निरक्षर बाईचे नाव आहे. ते 2018 साली दिले गेले.

बहिणाबाई ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांना ओढून आपल्या रांगेत बसविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. दान देणारा देव आपल्या मंडळीची हजेरी पाहून दाने वाटीत नाही, एवढेच ह्यावरून मला दिसते. पण मी ज्या प्रश्नाशी अडखळतो तो वेगळा आहे. वही लिहिणारा मुलगा घरात नसता तर? आसोदे, धरणगाव, पारोळे, शिरपूर, साक्री ह्या गावांत अशा किती बायका जात्यावर गाऊन गेल्या असतील, की ज्यांच्या घरी लिहून घेणारे कोणी नव्हते? त्यांनी आपले धन पुरून ठेविले असे कोण म्हणेल? त्यांनी ते मोकळ्या हाताने खर्चिले. झेलावयास ओंजळ नव्हती.

येथवर मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता स्वतःची सांगतो, कारण ती न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो व तेथल्या मुलांच्या वसतिगृहाची देखरेख मजकडे होती. साक्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातला एक मुलगा नववीत होता. इंग्रजी त्याला मुळीच येत नसे. गणितात तो कसाबसा तग धरी. मात्र वसतिगृहात कोणी आजारी पडला की हा त्याच्या उशाशी बसलेला दिसे. कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवणे, पेज करून आणणे, रात्री उठून पांघरूण सारखे करणे, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. लहान मुले ताप आला की मला न सांगता आधी त्याला सांगत. एके रात्री अभ्यासाच्या तासाला तो जागेवर नव्हता, म्हणून मी शोधीत गेलो. पाचवीतल्या एका मुलाला उलट्या होत होत्या आणि हा त्याची पाठ चोळीत बसला होता. मी त्याला सर्वांदेखत सुनावले: "तुला दवाखाना काढायचा आहे की परीक्षा द्यायची आहे?" मुले हसली. तोही ओशाळून हसला. त्या वर्षी तो नापास झाला, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजराथेत गेला तो परत आला नाही.

मी त्याच्या गावी गेलो नाही. पत्र पाठविले नाही. पटावर नाव कमी केले व त्या खाटेवर दुसरा मुलगा आला.

गेल्या पावसाळ्यात साक्रीच्या बसस्थानकावर एका मनुष्याने मला नमस्कार केला. मी त्यास ओळखले नाही, त्याने मात्र मला ओळखले, आणि पहिला प्रश्न केला तो असा: "सर, डाव्या पायाला काय झालं? दाबून टाकताय." माझा गुडघा दोन महिने दुखत होता व घरच्या माणसांखेरीज कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. मग बोलणे निघाले. अजूनही दरवर्षी तो टोळीबरोबर ऊसतोडीला जातो. त्याच्या सामानात एक पत्र्याचा डबा असतो. त्यात मलम, कापूस, पट्ट्या, तापाच्या गोळ्या. कोयत्याने कोणाचा हात कापला, कोणा बाईचे दिवस भरले, कोणाच्या पोराला जुलाब लागले, की टोळीतली माणसे त्याच्याकडे येतात. "मला जास्त काही कळत नाही, सर," तो म्हणाला, "पण कोणाला दवाखान्यात न्यायचं आणि कोणाला नाही न्यायचं, तेवढं कळतं." जाणत्या डॉक्टरांसही हे कळावयास काही वर्षे लागतात.

त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. कदाचित त्याला तो प्रसंग आठवतही नसेल. मला आठवतो. नववीत नापास झालेल्या मुलास परिचारकाच्या शिक्षणाची वाट बंद असते. ती बारावीच्या पुढून सुरू होते. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय त्याच्या गावापासून फार दूर नव्हे. तेथे वा अन्यत्र तो आज कोणत्या कामावर असता, ह्याचा विचार मी अनेकदा केला आहे. पाच वर्षे मी त्या वसतिगृहात उपासना चालविली आणि थैल्यांचा तो दाखला किती वेळा समजावून दिला त्याची गणती नाही. धन पुरणारा चाकर म्हणजे आळशी विद्यार्थी, असाच अर्थ मी सांगत असे. दुसऱ्याचे धन पुरणाराही चाकर असू शकतो, आणि त्याच्या हाती बहुधा खडू व हजेरीपट असतो, हे मला सुचले नव्हते.

पालकांपैकी कोणी म्हणतील, की सर, हे सर्व ठीक. पण कापसाचा भाव पडला, केळीच्या बागा वादळाने आडव्या झाल्या, म्हणजे आम्हास मुलाच्या 'दाना'चा विचार करावयास सवड कोठली? त्याला चार पैसे मिळविता आले पाहिजेत. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. भुकेल्या घरास कविता खावयास सांगणे ही क्रूर थट्टा होईल. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगारही सोडून दिला. प्रत्येक गृहस्थाने तसे करावे असा सल्ला मी देणार नाही, कारण तसा सोडणाऱ्याच्या पत्नीस काय सोसावे लागते हे मी 'स्मृतिचित्रे' वाचून जाणतो. पण मी मागतो आहे त्यास पैसा लागत नाही. मुलाचा गुणपत्रक घेऊन आपण शाळेत येता, तेव्हा इंग्रजीचे गुण पाहण्यापूर्वी एवढेच विचारा, की हा इतर मुलांशी कसा वागतो, व हा कोणाच्या उपयोगी पडतो का. शिक्षकास ह्याचे उत्तर देता आले नाही, तर ती त्या शिक्षकाची परीक्षा समजा. त्यात मी यंदाही दोन-तीन मुलांच्या बाबतीत नापास झालो आहे.

सेवेकरिता एक निराळे पारितोषिक ठेवावे, अशी सूचना शिक्षकांच्या सभेत आली होती. मी तिला विरोध केला, आणि तो का केला हे येथे नमूद करितो. पदक लावले की त्यासाठी शर्यत लागते, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारा मुलगा व्यासपीठाकडे पाहू लागतो. त्याऐवजी दर सत्राच्या अखेरीस प्रत्येक शिक्षकाने वर्गातल्या अशा एका विद्यार्थ्याविषयी सभेत बोलावे, की ज्याचे नाव वर्षभरात कोणी घेतलेले नाही. त्याच्यात काय दिसले ते सांगावे. आणि त्याच्याकरिता आपण काय करणार हेही सांगावे. हा ठराव अद्याप मंजूर झालेला नाही. काही सहकाऱ्यांस त्यात वेळेचा अपव्यय वाटतो.

निर्गम पुस्तकात बसालेल नावाच्या कारागिराची हकीकत आहे. सोने, रुपे, लाकूड, रत्ने ह्यांच्या कामासाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे तेथे म्हटले आहे. ते वाचून हाताने काम करणाऱ्या मुलास धीर यावा. पण पुढे, पस्तिसाव्या अध्यायात, आणखी एक बारीक गोष्ट येते, की दुसऱ्यास शिकविण्याची बुद्धीही देवानेच त्याच्या मनात घातली. कसब एक, आणि ते दुसऱ्याच्या हाती देणे हे दुसरे; दोन्ही वेगवेगळी मोजली आहेत. विद्यार्थ्यांनो, तुमच्या बाकावर शेजारी जो बसतो, त्याला काय येते हे तुम्हास आम्हा शिक्षकांपेक्षा आधी कळते. ते आम्हास सांगत जा. चहाडी करावयास तुम्ही कितीदा तरी शिक्षकांच्या खोलीशी येता. ह्या कामासाठी एकदा येऊन पाहा.

साक्रीच्या त्या माणसाने बस सुटण्यापूर्वी मला विचारले, की आपल्या वसतिगृहात मुलींना घेता का. त्याची मुलगी पाचवीत आहे. ऊसतोडीच्या दिवसांत तिची शाळा चार महिने बुडते. मी अर्ज पाठविला. तो भरून परत आला आहे, जूनपासून तिला जागा मिळाली आहे, आणि खाटही ठरली आहे. "तिला कशाची आवड आहे?" असे मी त्याला दूरध्वनीवर विचारले. तो जरा थांबला व म्हणाला, "विशेष काही नाही, सर. फार बोलत नाही. नुसती बघत बसते."

ती काय बघते, हे मला अजून ठाऊक नाही.